चौकोनी फोटो, आयताकृती घोळ!

बाबांच्या साठीसाठी आजोबांनी आगफा क्लिक-थ्रीवर काढलेला ग्रुप फोटो मोठा करून घेतला. ८ बाय १०ची रेडिमेड फ्रेम, झक्कास पॅकिंग. बाबांनी कागद फाडला आणि विचारलं, ‘‘अगं, शकूआत्या कुठेय?’’

दाराशी उभी असलेली आत्या चक्क कापली गेली होती!

दोष गणिताचा. या कॅमेऱ्यात १२० रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे. चौकोन ८ बाय १०मध्ये पूर्ण भरायचा, तर दोन्ही कडांचा एकेक इंच जाणारच. डिजिटल एसएलआरवालेही यातून सुटत नाहीत. त्यांचा फोटो ३:२चा, म्हणजे ८ बाय १२. त्यातलेही दोन इंच गुल! आणि मोबाइलवरचा मरीन ड्राइव्हचा पॅनोरमा? त्याचं तर विचारूच नका.

मग करायचं काय? फोटो कापू नका, माउंट कापून घ्या. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा तो जाड पुठ्ठा. पाच इंची चौकोनी प्रिंट असेल, तर खिडकी पावणेपाच इंचांची ठेवा. कडा आत दबतात. तीच ८ बाय १०ची फ्रेम उभी धरा. वर सव्वादोन इंच, खाली तीन. खाली जास्त का? अगदी मधोमध ठेवलेला फोटो डोळ्यांना घसरल्यासारखा वाटतो, म्हणून. पॅनोरमाला मात्र मापाची फ्रेमच करून घ्या आणि चारही बाजूंना सारखी पट्टी सोडा.

माउंटचा खरा फायदा पावसाळ्यात कळतो. फोटो थेट काचेला टेकला, की दमट हवेत चिकटतो. मग सोडवताना चेहरेच काचेवर राहतात! माउंटमुळे मध्ये फट राहते. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा : बोर्ड अ‍ॅसिड-फ्री हवा, नाहीतर फोटो पिवळा पडतो. मागे फेव्हिकॉल, सेलोटेप नको. आणि फोटो फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीने टांगा, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुत्या पडत नाहीत.

आमची निगेटिव्ह सुदैवाने बिस्किटांच्या डब्यात सापडली. या वेळी अख्खा चौकोन, पांढरा माउंट. गणपतीला आत्या आली. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.

‘‘हे पातळ मी पहिल्या पगारातून घेतलं होतं गं,’’ म्हणाली.

कापलेल्या त्या एका इंचात हे सगळं होतं!