बाथटब काढताना

सुरतेच्या अडाजण, वेसू भागांतल्या फ्लॅटमध्ये कुठे कुठे बाथटब असतो. त्याची दीड-दोन फूट उंच कड ओलांडणे घरातल्या ज्येष्ठांना अवघड, धोक्याचेही. शिवाय टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते. त्या जागी उंबरा नसलेला, सरळ चालत जाता येईल असा शॉवर करता येतो. टबाची सुमारे पाच बाय अडीच फुटांची जागा त्याला पुरते.

खरे काम फरशीच्या खाली असते. टब निघाल्यावर जुनी नळजोडणी तपासावी, नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी वाहून नेणारी जाळीची जोडणी) नव्या जागी बसवावा आणि फरशीला त्याकडे फुटाला पाव इंच उतार द्यावा. वॉटरप्रूफिंग भिंतीवरही चढवावे. मग ट्रॅप बंद करून पाणी साठवावे, किमान चोवीस तास ठेवावे आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का ते पाहावे. त्यानंतरच टाइल्स लावाव्यात.

मोरबीच्या टाइल्स सहज मिळतात; चकचकीत नको, खरखरीत घ्या. शॉवरला काचेचा आडोसा केल्यास काच टफन्डच हवी. आधाराची दांडी भक्कम भिंतीत बसवा. गळतीची चाचणी मात्र कुठल्याही घाईत टाळू नका.