रोलर कोस्टर वर असताना लाइन गेली तर?

आमचं घर नागपूरच्या गांधीबागेत, आणि बाबांचं कापडाचं दुकानही तिथेच. मी नोकरीसाठी पुण्यात असतो आणि मला रोलर कोस्टरचं वेड आहे. दिवाळीचा सीझन आटोपून आई-बाबा पुण्याला आले, तेव्हा मी त्यांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. तिथली 'नायट्रो' म्हणजे सुमारे ४० मीटर उंची, पाच वेळा उलटं होणं आणि पायाखाली फरशीच नाही, पाय अधांतरी! मी रांगेकडे निघालो तसं बाबांनी दंडाला धरलं. "वरती असताना लाइन गेली तं रे?"

आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. प्रोग्राम कधी ना कधी अडकतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? "सगळं कॉम्प्युटरवर आहे, काळजी नको" असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो.

पहिली गोष्ट: गाडीला इंजिन नसतं

नायट्रोसारख्या कोस्टरमध्ये साखळी गाडीला फक्त पहिल्या चढावर ओढत नेते. पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. ४० मीटरवरून खाली सुटलेल्या वस्तूचा वेग शाळेतल्या सूत्राने काढला, तर ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. म्हणजे माथा ओलांडल्यावर लाइन गेली तरी गाडीला फरक पडत नाही. ती लूप पूर्ण करून पुढच्या ब्रेकपर्यंत येते. लूपमध्ये ब्रेक बसवलेलेच नसतात, त्यामुळे कॉम्प्युटर ठरवूनसुद्धा तुम्हाला उलटं टांगून ठेवू शकत नाही.

आणि चढावरच लाइन गेली तर? चढताना 'टक टक टक' आवाज येतो ना, तेच उत्तर. गाडीखालचा लोखंडी खटका रुळाजवळच्या दात्यांवरून एकेक दाता पुढे सरकतो. साखळी थांबली की खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे येत नाही. यात वीज नाही आणि कॉम्प्युटरही नाही. चढाला लागून पायऱ्या असतात, गरज पडली तर कर्मचारी लोकांना तिथून खाली आणतात.

ब्रेक लावायचा नसतो, सोडायचा असतो

हे समजावताना मी बाबांना आपल्या बाजारातला ट्रक आठवायला सांगितलं. कापडाच्या गाठी उतरवून झाल्या की ड्रायव्हर गाडी सुरू करतो, पण हवेचं प्रेशर भरेपर्यंत ट्रक हलत नाही. कारण पार्किंग ब्रेक जाड स्प्रिंगने दाबलेलाच असतो आणि हवा तो सोडवते. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो.

कोस्टरचे पकडणारे ब्रेकही बहुतेक ठिकाणी असेच असतात. नेहमीची अवस्था 'बंद'. सगळं ठीक असेल तरच हवेच्या दाबाने ते उघडतात. वीज गेली, पाइप फुटला, वायर तुटली, तरी शेवट एकच: ब्रेक लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू 'थांब' आहे, आणि 'जा' हे दर वेळी कमवावं लागतं. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचंही तेच. वीज गेल्याने तो उघडत नाही.

एका टप्प्यात एकच गाडी

एकाच रुळावर दोन-तीन गाड्या धावत असतील तर? इथे रेल्वेच्या सिग्नलचीच युक्ती वापरतात. रुळाचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी जागा असते. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याचं सेन्सरकडून कळल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. हे काम पीएलसी नावाचा औद्योगिक कॉम्प्युटर करतो. हिशेब साधारणपणे एकाहून जास्त प्रोसेसर वेगवेगळा करतात. उत्तरं जुळली नाहीत, तर कोण बरोबर याचा वाद न घालता सगळं थांबवतात.

मग अपघात का होतात?

बाबांचा पुढचा प्रश्न हाच होता. याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कमध्ये आहे. २ जून २०१५ रोजी तिथल्या 'स्मायलर' कोस्टरवर चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी मध्येच अडकली. कॉम्प्युटरने आपलं काम चोख केलं आणि १६ जण बसलेली मागची गाडी थांबवून धरली. पण कर्मचाऱ्यांना वाटलं, रूळ मोकळा आहे, यंत्रणाच चुकतेय. त्यांनी ती सूचना बाजूला सारून गाडी सोडली. टक्कर झाली, आणि दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. 'थांब' म्हणणाऱ्या यंत्रणेवर मात करण्याआधी रूळ कसा तपासायचा, याची धड पद्धतच तिथे नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी जरा गप्प झालो होतो. मागच्या वर्षी रात्री दोनला आलेला एक अलर्ट "खोटाच असेल" म्हणून मीही बंद केला होता. सकाळी कळलं, शेकडो ग्राहकांना दोनदा बिल गेलंय. आमच्याकडे पैसे परत करता आले. रुळावर तशी सोय नसते.

एक सांगायला हवं. हे सगळं नीट देखभाल होणाऱ्या पार्कमधल्या कोस्टरबद्दल आहे. चार दिवसांसाठी उभ्या केलेल्या मेळ्यातल्या पाळण्यात ही यंत्रणा असेलच असं धरून चालू नका.

बाबा बसले का? नाही. माझा मोबाइल आणि चष्मा सांभाळत आईसोबत खाली उभे राहिले. माझ्या गाडीत एकाचा पट्टा तपासायला कर्मचारी परत मागे आला, तेव्हा रांगेतले काही जण "चलो भाई, जल्दी" करत होते. मी उतरून आलो तर बाबा म्हणाले, "त्यानं थांबून पाह्यलं, ते बरं केलं. घाई कोणाला हाय?"

पुढच्या वेळी राइड सुटायला उशीर झाला, तर हे आठवा. ती बिघडली असेलच असं नाही. बहुतेकदा ती 'थांब' म्हणतेय, आणि कोणीतरी तिचं ऐकतंय.