निजामशाहीच्या राजधान्या : जुन्नर व अहमदनगर

बहमनी राज्याच्या विघटनातून उदयास आलेल्या निजामशाहीची (१४९०–१६३६) दोन प्रमुख सत्तास्थाने. संस्थापक मलिक अहमद हा बहमनी वजीर मलिक हसन याचा पुत्र. पित्याच्या वधानंतर त्याने जुन्नर येथून स्वतंत्र कारभार आरंभिला. नाणेघाटामार्गे कोकणातील बंदरांशी प्राचीन काळापासून जोडलेल्या या नगरास शिवनेरीचे संरक्षण होते. परंतु अहमदचे लक्ष दौलताबादवर होते आणि त्या दृष्टीने जुन्नर आडवळणी होते. १४९० मध्ये भिंगारजवळ त्याने बहमनी सैन्याचा पराभव केला व १४९४ मध्ये त्याच परिसरात, सीना नदीकाठी, अहमदनगर वसविले. ही निवड अचूक ठरली : १४९९ मध्ये दौलताबाद त्याच्या हाती आले. पहिल्या बुऱ्हाणनंतर गादीवर आलेल्या हुसेन निजामशाहाने (कार. १५५३–६५) तेथील भुईकोट दगडी तटबंदीने भक्कम केला. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढविला, तो हाच किल्ला. १६०० मध्ये मात्र तिची तिच्याच लोकांनी हत्या केली आणि किल्ला पडला. पुढे मलिक अंबरने परांड्याहून राजधानी पुन्हा जुन्नरास हलविली. जे नगर अहमदला अपुरे वाटले होते, तेच वंशजांना आश्रयस्थान झाले. अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले.