मुलांसह अमेरिका–मुंबई विमानप्रवास

न्यूयॉर्क परिसरातून मुंबईला थेट विमानाने सुमारे 15 तास लागतात. मध्ये विमान बदलावे लागत नसल्याने झोपलेले मूल उठवावे लागत नाही. मात्र तिकीट बहुधा महाग पडते. दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे आल्यास पाय मोकळे करता येतात. तिथे दोन-तीन तास हाताशी असावेत. त्याहून कमी वेळात बाबागाडी, पिशव्या आणि सुरक्षा तपासणी यांत धांदल उडते. अबू धाबीचा आणखी एक फायदा परतीच्या वाटेवर होतो. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते.

दिल्लीमार्गे येताना सहसा इमिग्रेशन आणि कस्टम्स दिल्लीतच होतात, सामानही तिथे उचलून पुन्हा द्यावे लागते.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर नेता येते. समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा आधी मागून ठेवावा. त्याला वजनाची मर्यादा असते आणि सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून घ्यावे लागते.

पुणेकरांना मुंबईहून पुढे सुमारे 150 किलोमीटरचा रस्ता उरतो. म्हणून तिकिटाच्या दराबरोबर विमान उतरण्याची वेळ आणि टॅक्सीचे भाडेही हिशेबात धरावे.