अक्षरांच्या आधी डबा

‘ससून’ हे नाव नगरकडच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या दवाखान्यात हात टेकले की डॉक्टर म्हणतात, "पुण्याला ससूनला न्या." प्रत्येकीच्या घरातलं, नाहीतर शेजारचं कुणी ना कुणी तिथे राहून आलेलं असतंच. पण हे ससून होते कोण? आमच्या महिला मंडळात विचारलं, तर एकजण म्हणाली, "असेल कुणी इंग्रज!"

तर मैत्रिणींनो, डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. त्यांची कबरही पुण्यातच आहे, कॅम्पातल्या ‘लाल देवळा’च्या आवारात. लाल देऊळ म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, सिनेगॉग. लाल विटांचं म्हणून लोकांनीच त्याला देऊळ करून टाकलं.

ससून बाहेरून आलेले. पण ज्यू लोकांमधली एक शाखा इतकी आपली आहे, की शेजारी राहिली तरी ओळखू येऊ नये. ते म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं ते सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आडनावं पाहा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. गावावरून आडनाव, घरात मराठी, बाईच्या गळ्यात मंगळसूत्र. शुभकार्यात ‘मलिदा’ करतात, तो भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर आणि सुकामेवा घालून. सोबत फळं. आपल्या गोड पोह्यांचीच बहीण म्हणा ना! कीर्तनसुद्धा मराठीतच. फक्त आख्यान अब्राहामाचं किंवा मोशेचं.

या लोकांकडे शिक्षण कसं आलं, ती गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि कोकणात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा निघाल्या. आपल्याला हे मिशन चांगलं ठाऊक आहे, कारण १८३१ पासून ते नगरमध्येही होतं. मुंबईला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या मिस सिंथिया फेरार १८३९ मध्ये नगरला आल्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडेच शिकवण्याचे धडे घेतले असं सांगितलं जातं. त्याच मिशनच्या मुंबईकडच्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकली, काहीजण तिथेच मास्तर झाले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने तर त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू भाषेचं व्याकरण छापलं.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. शिकतील, मग आपल्या धर्मात येतील. पण बेने इस्राएल लोकांनी अक्षर घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. उलट त्या शिक्षणाने त्यांना स्वतःच्या प्रार्थना नीट समजायला लागल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, ती घराघरांत गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्वतःची इस्राएलाइट शाळा काढली. शहाणपणाचंच काम म्हणायचं ते.

याच समाजातल्या रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, १९०५ च्या मॅट्रिकमध्ये मुलांनाही मागे टाकून पहिल्या आल्या. पुढे इंग्लंडला जाऊन शिकून आल्या आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्याच इस्राएलाइट शाळेच्या मुख्याध्यापक राहिल्या. परदेशात शिकलेल्या बाईने अठ्ठावीस वर्षं एका शाळेला द्यायची, हे त्या काळात काय, आजही सोपं नाही. दुसऱ्या डॉ. जेरुशा झिराड. त्याही हुजूरपागेच्याच. टाटांकडून शिक्षणासाठी कर्ज मिळालं, मग सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली, आणि १९१९ मध्ये लंडनची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली एम.डी. घेऊन त्या परत आल्या. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

इस्राएल देश झाल्यावर यातली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता महाराष्ट्रात थोडे हजारच उरलेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणींना ते इथे आहेत हे पहिल्यांदा कळलं असेल. इस्राएलाइट शाळेचं नाव पुढे सर एली कदुरी शाळा झालं. तिथे आणि भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आता ज्यू मुलं जवळपास नाहीतच. बाकांवर इतर समाजांची मुलं बसतात. शाळा काढली एकांनी, शिकतात दुसरे. कुणी कुरकुर केल्याचं मात्र माझ्या वाचनात आलं नाही.

हे सगळं मी शोधायला लागले ते ठाण्याजवळच्या कळव्यामुळे. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिवका मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर पळालेली सँड्रा सॅम्युअल ही त्याला सांभाळणारी बाई आपल्याला आठवत असेलच. त्या रब्बींच्या नावावरून २०१२ मध्ये ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ सुरू झाला. सुरू करणारे जेकब स्टोकमन कंपनीच्या कामासाठी मुंबईत आले होते. झोपडपट्टीतली मुलं बघून त्यांना स्वस्थ बसवेना. जगभरातल्या ज्यू तरुणांनी इथे यायचं, काही आठवडे ते काही महिने राहायचं आणि कळव्याच्या वस्तीतल्या मुलांना शिकवायचं, अशी योजना. हिब्रूत ‘तिकून ओलाम’ असा शब्द आहे. जग जिथे मोडलंय तिथे दुरुस्त करणं हे आपलं काम, असा त्याचा अर्थ. ज्यू लोक धर्मप्रसार करत नाहीत, त्यामुळे मिशनच्या शाळेसारखी अट इथे नव्हती.

पण मला पहिला प्रश्न पडला तो साधा. मराठी नाही, हिंदी नाही, अशी परदेशातली पोरं आपल्या पोरांना शिकवणार काय? आमच्या वस्तीवरच्या वर्गात एका कॉलेजची मुलं दर रविवारी यायची. गाणी म्हणायची, फोटो काढायची. परीक्षा जवळ आल्या आणि ती यायची थांबली. आमची पोरं तीन रविवार रस्त्याकडे बघत बसली होती. म्हणून अशा पाहुण्या-शिक्षकांविषयी मी जरा हात राखूनच बोलते.

कळव्यात हा प्रश्न त्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे ‘रीप’ ही संस्था आधीपासून शाळा सुटलेल्या मुलांचे वर्ग चालवत होती, शिकवायला वस्तीतल्याच शिक्षिका. पाहुणी मुलं त्यांच्या हाताखाली. थोडं इंग्रजी, थोडं गणित, खेळ, चित्रं. पाहुणे गेले तरी वर्ग चालूच, कारण रोजची बाई तिथलीच.

आणि खरी किल्ली तर डब्यात होती. मुलं वर्गाला का येत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा पोटात असतं. कचरा वेचला की दोन पैसे मिळतात, वर्गात बसून काय मिळतं? म्हणून वर्गात येईल त्याला रोज गरम जेवण. हे जेवण करणार वस्तीतल्याच बायका, पगार घेऊन. त्यांना ‘मसाला मामाज’ असं नाव पडलं. वेगवेगळ्या गावांतून, राज्यांतून पोटासाठी मुंबईला आलेल्या या बायका. पदार्थ शाकाहारी, प्रत्येकीचा मसाला निराळा. जेकब यांच्या पत्नी एलाना स्टोकमन यांनी या सोळाजणींच्या पाककृती आणि त्यांच्या गोष्टी यांचं इंग्रजी पुस्तक २०१८ मध्ये काढलं. चुलीपाशी ज्यांना कुणी नाव विचारत नाही, त्यांची नावं पुस्तकात छापून आली याचं मला जास्त अप्रूप वाटलं, परदेशी पाहुण्यांपेक्षाही.

शाळेत मुलांना शिजवलेलं जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. आपल्या गावोगावच्या शाळांत खिचडी शिजते ती त्यामुळेच. पण जे पोर शाळेच्या पटावरच नाही, किंवा पटावर असून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलं, त्याच्यापर्यंत ही खिचडी पोहोचत नाही. पाथर्डी, शेवगावकडच्या बायकांना हे सांगायला नको. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी दारात. उचल आधीच घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं टायरगाडीत मागे. कारखान्याच्या तळावर आई पहाटेच फडात जाते, थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन राहते. साखरशाळा जिथे आहेत तिथे ठीक. नाहीत तिथे सहा महिने कोरेच.

गावात आजीजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. कागद, ठराव, यादी सगळं वेळेत व्हावं लागतं. आमच्याकडे ते दरवर्षी वेळेत होईलच असं नाही. मधल्या काळासाठी आम्ही सातजणींनी दुपारचा वर्ग ठेवलाय. पुस्तकं आहेत, फळा आहे, शिकवायला बारावी झालेल्या दोन सुना आहेत. पोरं मात्र चारला येतात आणि साडेचारला पेंगायला लागतात, कारण सकाळच्या भाकरीनंतर पोटात काहीच नसतं.

कळव्याचं वाचून मी मंडळात डब्याचा विषय काढला. बराच वेळ चर्चा झाली. शेंगदाणे-गूळ द्यावा की खिचडी, गॅसचा खर्च कुणी करायचा, रोज करणारीला पैसे द्यायचे की सेवा म्हणून करून घ्यायचं. शेवटच्या मुद्द्यावर मी हटून बसले. पैसे द्यायचेच. फुकटची सेवा चार दिवस टिकते, मग तिच्याच घरातलं कुणीतरी आजारी पडतं. दोघीजणी तयार झाल्यात. त्यातली एक स्वतः दोन हंगाम कोयत्यावर जाऊन आलेली आहे आणि तिची मुलगी याच वर्गात दुसरीची बेरीज शिकते आहे. तांदूळ, डाळ, तेल यांचा महिन्याचा हिशेब तिनेच बोटांवर मांडून दाखवला. तो लिहून घ्यायला तिची मुलगी बसली होती.