घणसोलीचा सात-बारा आणि साडेबारा

ठाणे-वाशी लोकलमध्ये कान टवकारून बसा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे… मुंबई ‘नवी’, पण स्टेशनांना नावं जुन्या गावांची! भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासळीवर जगलेली ही आगरी-कोळ्यांची गावं. घणसोलीत तर रिक्षात बसताना आधीच सांगून टाकावं, ‘गाव’ की ‘सेक्टर’!

17 मार्च 1970 ला नवं शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. संपादनाला हाताशी इंग्रजांचा 1894 चा कायदा होताच. शेतकरी सरकारदरबारी ‘प्रकल्पग्रस्त’ झाला. तो स्वतःला म्हणवतो भूमिपुत्र.

आता जरा गणित. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, ही योजना 1990 ची. एक एकर गेला, म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के, पाच गुंठे. थांबा, त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा! उरले पावणेनऊ टक्के, म्हणजे हातात साडेतीन गुंठे. तेही 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सात-बाऱ्याचा मालक आपल्याच शिवारात भाडेपट्टेदार झाला. कागदोपत्री एवढा खट्याळ विनोद क्वचितच सापडेल.

आणि हे साडेतीन गुंठेही कुणी आपणहून दिले नाहीत. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात जासईच्या दास्तान फाट्यावर आणि परिसरात पोलिसांनी जमिनीसाठी लढणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. नेते होते दि. बा. पाटील, जासईचेच सुपुत्र, शेकापचे. याच तालुक्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, एवढाच फरक.

भूमिपुत्रांच्या हक्कांचं जगाच्या पातळीवर काय? संयुक्त राष्ट्रांनी 13 सप्टेंबर 2007 ला मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला: बाजूने 144, विरोधात चार. ते चार कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड! भारताने बाजूने मत दिलं. गंमत म्हणजे 46 कलमांत ‘मूळनिवासी कोण’ याची व्याख्याच नाही. आपल्याकडे आगरी समाज ओबीसींत मोडतो, त्यामुळे आदिवासींसाठीचे कायदे त्याला लागू नाहीत. लढाई सिडकोच्या दारातच.

ती नावासाठीही झाली. नवी मुंबई विमानतळाला ‘दिबां’चं नाव द्या म्हणून 24 जून 2021 ला, त्यांच्या स्मृतिदिनी, हजारो भूमिपुत्र बेलापूरला सिडकोवर धडकले. पुढच्या वर्षी 29 जूनला उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने नाव मंजूर केलं, लगेच सरकार पडलं, आणि 16 जुलैला शिंदे-फडणवीसांनी तेच नाव पुन्हा मंजूर केलं. ज्यांची दखल घ्यायला सरकारला इतकी वर्षं लागली, त्यांच्या नावावर अठरा दिवसांत दोन मंत्रिमंडळांचे शिक्के!