मगरीसारखा, पण मगर नव्हे

पैठणला गोदावरीकाठी दिसणारा काळा खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. याच नदीच्या खोऱ्यात खाली तेलंगणात मालेरी गावाजवळ लाल मातीचे थर आहेत. ते त्याहून कितीतरी जुने, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे, ट्रायासिक काळातले.

त्या थरांत ‘पॅरासुकस हिस्लोपी’ या सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे सापडली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून १८८५ मध्ये हे नाव पडले. १९७८ मध्ये शंकर चटर्जी यांनी मालेरीच्या दोन जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले. दोन्हींच्या पोटात गिळलेल्या लहान सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे होती!

लांब जबडा, अणकुचीदार दात, पाठीवर हाडांचे कवच. चित्र दाखवले की मुले लगेच ‘मगर!’ म्हणतात. तेव्हा त्यांना विचारा, नाकपुड्या कुठे आहेत? मगरीच्या तोंडाच्या टोकाला. याच्या मात्र मागे, डोळ्यांजवळ.

हा मगरीचा पूर्वज नव्हे. त्याचा वंश सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी संपला. पाण्यात दबा धरून शिकार करण्याची रीत एकच, म्हणून दोघांची ठेवणही सारखी झाली.

चेहरा जुळला म्हणून नाते जुळत नाही. मुलांना उत्तर सांगण्याआधी नीट पाहायला शिकवू या.